बारा घरांचा होकार

कणगीची आठवी आवृत्ती तयार झाली होती. सगळ्या चाचण्या पार पडल्या होत्या, परीक्षकांनी ओळ न् ओळ तपासून मान्यता दिली होती, आणि तरीही ती एकाही घरात पोचू शकत नव्हती. कारण गडहिंग्लजच्या मगदूम मास्तरांना ती अजून कळली नव्हती.

नियमच तसा होता. कणगी ही एकोणचाळीस हजार घरांनी मिळून चालवलेली साठवण. ना मालक, ना मुख्य कचेरी. प्रत्येक घरात पुस्तकाएवढा एक डबा, आणि त्या डब्यात इतरांच्या फायलींचे तुकडे. डब्यांच्या प्रोग्राममध्ये मोठा बदल करायचा झाला, की या सगळ्या घरांतून चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल त्याच्या घरी जाऊन बदल लिहिणाऱ्याने तो साध्या मराठीत सांगायचा आणि घरच्याने तो आपल्या शब्दांत परत सांगायचा, पटला तर सही करायची. सांगता आला नाही, तर दोष लिहिणाऱ्याचा. या प्रकाराला 'वाचन' म्हणत. बाहेरच्या शहाण्यासुरत्या कंपन्यांतले प्रोग्रामर या रिवाजाला हसत, पण दहा वर्षांत कणगी एकदाही बंद पडली नव्हती.

आठवी आवृत्ती स्वरूपा चौगुलेने लिहिली होती. सहा वर्षं ती कोल्हापुरात बसून हेच काम करत होती. सोमवारी सकाळी ती गडहिंग्लजला पोचली, तेव्हा मास्तर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, म्हणून मास्तर. शाळेशी संबंध चौथीपुरता, हे त्यांनीच पहिल्या दोन मिनिटांत सांगून टाकलं.

डबा फ्रीजवर होता. त्यावर क्रोशाचं पांढरं झाकण घातलेलं पाहून स्वरूपा आधी तिकडेच गेली.

"मास्तर, याला वारा लागायला पाहिजे. तापतो तो."

"रोज उघडाच असतोय. पाहुणं येणार म्हणून हिनं घातलं," मास्तर म्हणाले आणि झाकणाची घडी करून खिशात ठेवली. "हं, सांगा आता. सावकाश सांगा."

स्वरूपा सांगायला लागली. समजा, मास्तरांनी नातीचे फोटो कणगीत ठेवले. आधी त्या फायलीला त्यांच्या किल्लीने कुलूप लागतं. मग तिचे बारा तुकडे होतात, आणि त्या बारांवरून गणिताने आणखी अठरा तयार होतात. एकूण तीस. हे तीस तुकडे तीस घरांत जातात. गणिताची गंमत अशी, की यातले कुठलेही बारा हाती असले तरी सगळी फाइल जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते. अठरा घरं जळाली, बुडाली, तरी बिघडत नाही. पण अकराच उरले, तर मात्र काहीच उरलं नाही असं समजायचं.

"अन् ज्याच्या घरात तुकडा हाय, त्याला आत काय हाय ते दिसत न्हाई."

"नाही दिसत. पण तुकडा आहे की नाही, ते दर तीन तासांनी विचारलं जातं. तुकड्याच्या अमक्या जागी काय आहे ते सांग, असा प्रश्न येतो. तुकडा खरोखर जवळ असेल तरच उत्तर देता येतं. ते उत्तर साखळीत लिहिलं जातं. साखळी म्हणजे एक वही, जिची नक्कल प्रत्येक घरात आहे. त्यामुळे गुपचूप खाडाखोड करता येत नाही."

"हजेरी," मास्तर म्हणाले.

"हजेरी."

मग ती मुद्द्यावर आली. फाइल ठेवणाऱ्याने पाच वर्षांतून एकदा आपल्या किल्लीने सही करायची, ही अट पहिल्यापासून होती. यंदा कणगीला दहा वर्षं झाली आणि लक्षात आलं, की एक तृतीयांश जागा अशा फायलींनी अडवली आहे, ज्यांची सही कधी आलीच नाही. किल्ल्या हरवल्या, माणसं विसरली, माणसं गेली. नव्या लोकांना ठेवायला जागा उरली नाही. आठव्या आवृत्तीत या बेवारस फायलींचे तुकडे प्रत्येक डबा आपोआप पुसून टाकेल. हे सगळीकडे एकाच वेळी, साखळीच्या ठरलेल्या कडीपासून, म्हणजे वहीच्या ठरलेल्या पानापासून, व्हायला हवं. नाहीतर निम्मी घरं म्हणतील तुकडा आहे, निम्मी म्हणतील नाही, आणि एका साखळीच्या दोन होतील.

हे सगळं ती स्वच्छ, सरळ आवाजात बोलली. तिने घरी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. कारण पुसल्या जाणाऱ्या फायलींत एक तिच्या भावाची होती.

सुयोग तिच्याहून सहा वर्षांनी लहान. कणगीची अगदी पहिली घरं जोडली जात होती, तेव्हा आपल्या नेसरीच्या घरी डबा त्याने आणला आणि स्वतःची एक फाइल ठेवून तिची पावती ताईला पाठवली. 'बघ, जमलं,' एवढंच खाली लिहिलं होतं. दोन महिन्यांनी आंबोलीच्या घाटात त्याची मोटरसायकल घसरली. फोनचा चुरा झाला आणि किल्ली त्या फोनमध्ये होती. फाइलमध्ये काय होतं, कुणालाच माहीत नाही. गाणी असतील, मित्रांचे फोटो असतील, परीक्षेच्या नोट्स असतील. ती कधीच उघडणार नव्हती. पण पावतीवरचा क्रमांक टाकला की साखळीत दिसायचं, तीस घरं, तीस वेळा हजर. दहा वर्षं स्वरूपा रोज सकाळी चहाच्या आधी ते पाहत आली होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, आईला तर नाहीच.

आवृत्ती लिहिताना एकदा तिचा तोल गेला होता. पुसण्याच्या यादीतून एक क्रमांक वगळावा, अशी एक ओळ तिने घातली. मग ती काढायचं ठरवलं, आणि तशीच तपासणीला पाठवली. दुसरा परीक्षक मिरजेचा इम्तियाज मुल्लाणी. त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. त्याने फोनच केला.

"स्वरूपा, हा क्रमांक कुणाचा?"

ती चाचणीचा आहे म्हणणार होती. तोंडातून निघालं, "माझ्या भावाचा."

इम्तियाजने तो क्रमांक पुन्हा एकदा वाचला. "काढावं लागंल गं."

"माहीत आहे. म्हणूनच तुझ्याकडे पाठवलं असेल मी."

ओळ निघाली. पण कणगीत बदलांचा इतिहास कायमचा राहतो, म्हणून ती ओळ आणि ती काढल्याची नोंद, दोन्ही कुणालाही दिसतील अशी तिथेच आहेत.

हे मास्तरांना सांगायची सोय नव्हती. वाचनात आपलं दुःख घेऊन जायचं नाही, ऐकणाऱ्यावर दडपण येतं, असा दंडक होता. ती मास्तरांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

मास्तरांनी सगळं परत सांगितलं. कुठे अडखळले नाहीत. बारा आणि तीस, कुलूप, हजेरी, दोन साखळ्यांचा धोका, सगळं. काकूंनी चहा आणून ठेवला होता, तो निवून गेला.

"म्हणजे कळलं तुम्हाला," स्वरूपा म्हणाली. फॉर्म पुढे केला. सही झाली, की पंधरा दिवसांत सुयोगची फाइल संपणार होती.

मास्तरांनी पेन घेतलं नाही. "कळलं. पण एक इच्यारू?"

"विचारा ना."

"आमच्या डेपोत बेवारस सामान यायचं. छत्र्या, जेवणाचं डबं. एकदा गारगोटीच्या गाडीत कुणीतरी बाजाची पेटी इसरलं. आता नियम काय हुता ते आठवत न्हाई, आम्ही काय करायचो ते सांगतो. बरंच दिवस वाट बघायची, अन् मालक आला न्हाई की मोडीत घालायच्या आधी डेपोत सगळ्यास्नी इच्यारायचं, बाबांनो, ह्यातलं कुणाला काय सांभाळायचं हाय काय? आमच्या कांबळे कंडक्टरनं ती पेटी नेली. त्याला वाजवाय येत नव्हती. दर दिवाळीला पुसून ठेवायचा."

"मालक आला का कधी?"

"न्हाई. कांबळे पण गेला आता. पेटी त्याच्या पोराकडं हाय." मास्तरांनी फ्रीजवरच्या डब्याकडे पाहिलं. "तुमच्या ह्या कागदात मालकाला इच्यारलंय. दहा वर्सं मी सांभाळलं. लाइट गेली की माझा जीव वरखाली. मला कुठं इच्यारलंय?"

स्वरूपाने पुढे केलेला फॉर्म मागे घेतला. सहा महिने तिने यावर काम केलं होतं. जागेचा हिशेब केला होता, पुसण्याचा वेग मोजला होता, आणि ज्यांच्या घरात हे तुकडे दहा वर्षं होते त्यांना विचारावं, हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांना वाटलं, पोरीचं काम फुकट गेलं म्हणून रडते आहे.

"सही करत न्हाई म्हणून वाईट वाटून घिऊ नका," ते म्हणाले. "इच्यारा, अन् मग या. मी हितंच हाय."

कोल्हापूरला परतल्यावर तिने इम्तियाजला सगळं सांगितलं आणि हा बदल आपण लिहिणार नाही, हेही सांगितलं. "माझा जीव त्यात अडकलाय. तू लिही. मी तपासणारही नाही."

इम्तियाजने बारा दिवसांत लिहिला. बदल साधाच होता. पुसण्याच्या आधी सात दिवस प्रत्येक घराला फोनवर यादी जाईल. तुकड्याचा क्रमांक, आकार, किती वर्षं सांभाळला, एवढंच. आत काय, कुणाचं, काही नाही. प्रत्येकासमोर दोन बटणं, 'सोडतो' आणि 'सांभाळतो', आणि शेवटी सगळे एकदम सोडायचं एक. सांभाळायचा तर नव्या लोकांच्या जागेतून नाही, डब्यात घरच्यांसाठी जो स्वतःचा कोपरा असतो त्यातून जागा द्यायची. तीसपैकी निदान बारा घरांनी होकार दिला, तर फाइल राहील आणि गळालेले तुकडे गणिताने पुन्हा तयार करून नव्या घरांत ठेवले जातील. बारा झाले नाहीत, तर ती जाईल. उत्तर न देणं म्हणजे सोडणं.

मगदूम मास्तरांनी या वेळी अर्ध्या तासात परत सांगून सही केली, वर इम्तियाजला जेवूनच पाठवलं.

रविवारी संध्याकाळी सहा वाजता यादी घरोघर गेली. होकारांचा आकडा साखळीत उघड दिसत होता. पहिल्या दिवशी सुयोगच्या फाइलला दोन. बुधवारी चार. स्वरूपाने पोळ्या करपवल्या, मुलीला चुकीच्या दिवसाचा गणवेश घातला, आणि नवऱ्याने काय झालं विचारल्यावर अखेर त्याला सगळं सांगितलं. त्याने तव्याखालचा गॅस बंद केला. मग म्हणाला, "दहा वर्षं एकटीच बघत होतीस?" शनिवारी सकाळी आकडा होता आठ.

तेवढ्यात आईचा फोन आला. शालनताई नेसरीला एकट्याच राहत. सुयोगने आणलेला डबा अजून त्यांच्याच घरी चालू होता, आणि त्याच्या पंख्याची पाती त्या दर अमावास्येला स्वतः पुसत.

"तुझ्या त्या कणगीचं काय आलंय फोनवर. मला एकटीला जमत न्हाई. येतीस काय?"

"सगळं एकदम सोडायचंही बटण आहे, आई."

"तसं नको. तू ये."

दुपारी स्वरूपा नेसरीला पोचली. आई सोप्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, फोन पाटावर, चष्मा कपाळावर. यादीत त्रेचाळीस तुकडे होते.

"एकेक वाच," आई म्हणाली.

"एकेक वाचून काय कळणार? नुसते आकडे आहेत."

"वाच म्हटलं की."

स्वरूपाने वाचलं. पहिला तुकडा, नऊ वर्षं चार महिने. आईने शेंगा खाली ठेवल्या, हात पदराला पुसले आणि बोटाने 'सांभाळतो' दाबलं. दुसरा तुकडा, नऊ वर्षं आठ महिने. पुन्हा तेच.

"आई, तुझ्या कोपऱ्यातली जागा जाईल. मालिका साठवल्या आहेत त्या पुसाव्या लागतील."

"बघून झाल्यात. सासूचं वाटोळं झालं शेवटी."

"अगं, पण कुणाचं आहे, काय आहे, माहीत नाही. एखाद्याचा निव्वळ कचरा असेल."

"असंल. कुणीतरी ठेवलाय नव्हं?"

अकराव्या तुकड्याशी स्वरूपाला वाचवेना. दहा वर्षं दोन महिने, असं तिथे लिहिलं होतं. हा सुयोगचा नव्हता, क्रमांक वेगळा होता. पण सुयोगच्या फाइललाही तेवढीच वर्षं, तेवढेच महिने झाले होते. ती थांबलेली पाहून आईने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि लेकीकडे पाहिलं.

"काय झालं?"

"आई, आपल्या सुयोगचीही एक फाइल आहे. त्याने जायच्या आधी ठेवलेली. तीस घरांत आहे. किल्ली नाही, त्यामुळे उघडत नाही. उद्या सहापर्यंत बारा जणांनी हो म्हटलं नाही, तर ती जाईल. आतापर्यंत आठ झालेत." ती एका दमात बोलून गेली. "आणि या सगळ्याची सुरुवात मीच केली. पुसायचा प्रोग्राम मी लिहिला."

सोप्यात कोंबडी येऊन दाणे टिपायला लागली, तरी आईने तिला हाकललं नाही.

"दहा वर्सं सांगितलं न्हाईस."

"तुला त्रास होईल म्हणून."

"त्रास व्हायचा त्यो झालाच की. सांगितलं असतंस तर दोघी मिळून बघितलं असतं." तिने लेकीचा हात हातात घेतला, आणि लेकीने इतकी वर्षं आईसमोर दाबून ठेवलेलं रडू मोकळं केलं. दोघी रडल्या. मग आईने नाक पुसलं, अकरावा तुकडा दाबला आणि फोन पुन्हा स्वरूपापुढे सरकवला.

"त्याच्या तुकड्यापाशी पण कुणीतरी असंच बसलं असंल," ती म्हणाली. "पुढचा वाच."

त्रेचाळीसाव्या तुकड्यापर्यंत ऊन उतरलं. आईने एकही सोडला नाही.

स्वरूपा त्या रात्री नेसरीलाच राहिली. रविवारी सकाळी आकडा नऊ होता, दुपारी एकला दहा. जेवण कुणालाच गेलं नाही. तीन वाजता तिने फोन कपाटात ठेवून दिला, कारण पाच-पाच मिनिटांनी पाहून ती आईलाही वेड लावत होती. दोघींनी मिळून उरलेल्या शेंगा फोडल्या. आई सुयोगच्या लहानपणच्या गोष्टी सांगत होती. आंबील आवडत नाही म्हणून तो ती कुत्र्याला पाजायचा, आणि कुत्र्यालाही ती आवडायची नाही. या गोष्टी दोघींनी दहा वर्षांत काढल्या नव्हत्या.

सहा वाजून गेल्यावर कपाटात फोन वाजला. आईनेच जाऊन तो आणला आणि तिच्या मांडीवर ठेवला. इम्तियाजचा निरोप होता. त्याने एकच शब्द लिहिला होता.

'तेवीस.'

शेवटच्या दिवशी वीजबिल भरणारी आपली माणसं. दुपारनंतरच्या चार-पाच तासांत तेरा घरांनी त्या एका फाइलला होकार दिला होता, आणि सगळीकडे तीच गत होती. छप्पन्न हजार बेवारस फायलींपैकी फार थोड्या गेल्या. कणगीत जागा व्हावी म्हणून सुरू केलेल्या कामातून जागा झाली ती लोकांनी आपापले कोपरे रिकामे केल्यामुळे. इम्तियाजला नवव्या आवृत्तीत सगळं गणित नव्याने मांडावं लागणार होतं. स्वरूपाच्या डोक्यात यातलं त्या क्षणी काहीच नव्हतं. ती आईच्या गळ्यात पडली आणि तेवीस, तेवीस म्हणत राहिली.

आई सावरली तेव्हा तिने विचारलं, "तीस हुती नव्हं? सात कुठली न्हाईत?"

"त्यांनी उत्तर नाही दिलं."

"न्हाई दिलं तर न्हाई. कामात असतील." आई थोडा वेळ बोटं मोजत राहिली. "मग त्या सात तुकड्यांचं?"

"ते पुन्हा तयार होतील. या तेवीसांतल्या बारांवरून. आणि ज्यांच्या कोपऱ्यात जागा आहे अशा सात नव्या घरांत जातील."

"आपल्याकडं एक ठेव म्हणावं."

"तसं नाही करता येत गं. कुणाचा तुकडा कुणाकडे जाईल, याची चिठ्ठी यंत्र काढतं. मलाही सांगता येत नाही. पण..." तिने फोनवर आईच्या कोपऱ्याचा आकडा पाहिला. "त्रेचाळीस ठेवल्यावर तुझा कोपराही भरलाय, आई. नवीन यायलाच जागा नाही."

आई उठली. आत जाऊन तिने दिवा लावला, डब्यापाशी गेली, त्याच्यावर हात ठेवून तो तापलाय का पाहिलं. मालिका गेल्यावर स्वतःचं म्हणून तिचं त्यात आता एकच उरलं होतं. दर गुरुवारी बायका जमून म्हणत त्या भजनांची सात वर्षांची ध्वनिमुद्रणं.

"ती भजनं काढ," ती म्हणाली. "ती काय, या गुरुवारी परत म्हणू."

"आई, सुयोगचंच येईल असं नाही. कुणाचंही येईल."

"कुणाचं का येईना," आई म्हणाली. "जागा हाय म्हणून कळव."